यादीत 'निल' लिहिल्यानं जहाज साफ होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुनी जहाजं तोडण्यावर पानभर लेख आला. वर तो नेहमीचा फोटो, चिखलात रुतलेलं जहाज, नाक कापलेलं, आतले मजले कपाटाच्या कप्प्यांसारखे उघडे पडलेले आणि खाली मुंग्यांएवढी माणसं. हेडिंग परत तेच, जहाजांचं स्मशान. या स्मशान शब्दाचा मला खरं सांगायचं तर आता कंटाळा आलाय, कारण स्मशान म्हटलं की वाचणारा एक सुस्कारा सोडतो आणि पान उलटतो, काय करणार बाबा, आलं ते जाणारच. पण जहाज तोडणं हे काम आहे हो, इंजिनियरिंगचं काम, बांधण्याइतकंच किचकट, आणि कामाचं प्लॅनिंग असतं, ते नीट केलं तर माणसं संध्याकाळी खोलीवर परत जातात आणि नाही केलं तर जात नाहीत. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापून छापलंत तरी चालेल, फक्त यादीचा भाग कापू नका.

मी कोण ते आधी सांगतो. मी आयुष्यभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये नोकरी केली, ज्युनियरपासून चीफ इंजिनियरपर्यंत, आता रिटायर्ड. तोडायच्या यार्डात नोकरी केलेली नाही, पण दोन जहाजं शेवटच्या फेरीला नेऊन किनाऱ्याला लावून दिलीयत, त्यामुळं जहाज हातातनं सुटतानाचे दिवस कसे असतात ते मला माहितीय.

लेखात म्हटलंय की आता हाँगकाँग करार, म्हणजे जहाजं सुरक्षितपणे तोडण्याचा आंतरराष्ट्रीय करार, लागू झालाय, म्हणजे हा धंदा सुधारला. करार चांगलाय, त्याबद्दल वाद नाही. पण जरा हिशोब बघा. करार झाला मे २००९ मध्ये, लागू झाला २६ जून २०२५ ला, म्हणजे मधे १६ वर्षं गेली. का गेली, तर लागू व्हायच्या अटी तीन होत्या आणि तिन्ही एकदम पुऱ्या व्हायला हव्या होत्या: निदान १५ देशांनी सही करायची, त्या देशांकडं जगातल्या व्यापारी जहाजांचं निदान ४० टक्के टनेज असायला हवं, आणि त्याच देशांत जहाजं तोडायचं प्रमाणही त्या टनेजच्या ३ टक्क्यांइतकं असायला हवं. तिसऱ्या अटीवर घोडं अडलं होतं. जहाजांचे झेंडे, म्हणजे जहाजं नोंदवणारे देश, एका टोकाला आणि तोडणारे दुसऱ्या टोकाला, दोघांना एका टेबलावर आणणं काही सोपं नव्हतं. भारत २०१९ मध्ये आत आला आणि त्याच वर्षी स्वतःचा कायदाही केला, मग जून २०२३ मध्ये बांगलादेश आणि लायबेरियाच्या सह्या झाल्या तेव्हा कुठं गणित जुळलं आणि त्यानंतर दोन वर्षांनी करार लागू झाला. एवढी वाट बघून आलेली गोष्ट आहे म्हणूनच म्हणतो, तिचे कागदी घोडे होऊ नयेत.

कराराचा सगळा डोलारा दोन कागदांवर उभा आहे. एक कागद जहाजाचा, धोकादायक पदार्थांची यादी, आमच्या भाषेत आयएचएम. दुसरा यार्डाचा, त्या एका जहाजासाठी बनवलेला तोडणीचा प्लॅन. दुसरा कागद पहिल्यावरनं बनतो. म्हणजे पहिला खोटा असला की दुसरा आपोआप खोटा, मग यार्ड कितीही चांगलं असू दे.

आता पहिला कागद कसा बनतो त्याचा माझाच किस्सा सांगतो. एका जुन्या बल्क कॅरियरवर मी सेकंड इंजिनियर होतो. ऑफिसमधनं मेल आला की यादी बनवायचीय, सोबत एक्सेल शीट आहे, चार दिवसांत भरून पाठवा. शीट उघडून बघतो तर ती आधीच भरलेली. ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसाला घातक तंतू, त्यापुढं निल, पीसीबी, म्हणजे जुन्या विजेच्या सामानातलं विषारी रसायन, त्यापुढं निल, सगळीकडं निल निल निल. कुठल्यातरी सिस्टर शिपची, म्हणजे त्याच नमुन्याच्या दुसऱ्या जहाजाची, शीट उचलून चिकटवली होती आणि घाई इतकी की एका पानावर वरचं जहाजाचं नाव सुद्धा बदललं नव्हतं. चीफ म्हणाला, सही कर आणि पाठवून दे, आपलं काम इंजिन चालवायचं. मी सही केली. त्याच महिन्यात एक्झॉस्ट पाइपच्या एका वळणावरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, उघडावं लागलं, वरनं पत्रा, आत कापड आणि कापडाच्या आत ते पांढरं, दोऱ्यादोऱ्याचं, हाताला कोरडं लागणारं. आम्ही ते झाडूनं गोळा केलं. तोंडाला साधा फडका. आणि स्टोअरच्या वरच्या फळीवर जुन्या जॉइंटिंग शीटची गुंडाळी होती, त्यातनंच आम्ही गास्केट कापून वापरायचो, तिच्यात काय आहे ते विचारायचं कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. यादीत मात्र निल, आणि खाली सही माझी.

तुम्ही म्हणाल जुनी गोष्ट आहे. पण जहाजं जुनीच तर तोडायला येतात! आज जे किनाऱ्याला लागतंय ते २५-३० वर्षांपूर्वी बांधलेलं असतं. नवीन ॲस्बेस्टॉस बसवायला आंतरराष्ट्रीय नियमानं १ जुलै २००२ पासून बंदी आली, ती पण थोडे अपवाद ठेवून, आणि ते अपवाद १ जानेवारी २०११ ला संपले. म्हणजे त्याआधीच्या जहाजांत ते असणार असंच धरून चालायला हवं. आणि नंतरच्या जहाजांत सुद्धा गास्केट, पॅकिंग, ब्रेक लायनिंग यांतनं ते मागच्या दारानं येतच राहिलं, कारण स्पेअर पार्ट मिळेल त्या बंदरात घेतले जातात आणि त्यांच्यासोबत कागद येतोच असं नाही.

यादीचे भाग तीन आहेत. पहिल्यात जहाजाच्या अंगातच असलेल्या गोष्टी: लॅगिंगमधलं आणि गास्केटमधलं ॲस्बेस्टॉस, जुन्या केबल आणि ट्रान्सफॉर्मरमधले पीसीबी, एसी-फ्रीजमधले ओझोन खाणारे गॅस, रंगातलं शिसं, तळाला लावलेल्या शेवाळरोधक रंगातलं टीबीटी नावाचं विषारी रसायन, गेज आणि स्विचमधला पारा, काही स्मोक डिटेक्टरमध्ये किरणोत्सारी कण. दुसऱ्यात जहाज चालता चालता साठलेला कचरा, स्लज म्हणजे तेलाचा गाळ, बिल्जचं म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं पाणी, राख, तोल सांभाळायला पाणी भरतात त्या बॅलास्ट टँकच्या तळाचा गाळ. तिसऱ्यात स्टोअरमधला माल, रंगाचे डबे, केमिकलचे कॅन, बॅटऱ्या, गॅसच्या बाटल्या. यातला पहिला भाग जहाज चालू असतानाच बनवायचा आणि जन्मभर अपडेट ठेवायचा, दुसरा आणि तिसरा तोडायला जायच्या आधी. जहाज ५०० ग्रॉस टनांच्या वरचं असलं तर हे बंधनकारक आहे. जी जहाजं आधीच पाण्यात आहेत त्यांना यादीसाठी २६ जून २०३० पर्यंत मुदत दिलीय, पण त्याआधी तोडायला निघालं तर आधीच बनवायची.

यात एक नियम मला फार आवडतो. एखादी वस्तू उघडून बघता येत नाहीये, सॅम्पल घेता येत नाहीये, कागदही नाही, तर ती धोकादायक असू शकते असंच यादीत लिहायचं. माहीत नसेल तर आहे असंच धरा! हा खरा शहाणपणा आहे, पण व्यवहारात नेमकं उलटं चालतं, माहीत नाही म्हणून निल. निल लिहिलं की सर्व्हे लवकर उरकतो, खर्च वाचतो आणि ऑफिस खूश.

निल लिहिल्यानं काय होतं ते बघायचं असेल तर दोन विमानवाहू जहाजांची गोष्ट बघा. दोघी सख्ख्या बहिणी, फ्रान्सनं बांधलेल्या, क्लेमेन्सो आणि फॉश. क्लेमेन्सो २००५ च्या शेवटच्या दिवशी फ्रान्सच्या तुलाँ बंदरातनं गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्याला तोडायला निघाली. आत ॲस्बेस्टॉस किती उरलंय यावर भांडण, फ्रान्स सरकारचा आकडा एक, काढायचं काम केलेल्यांचा दुसरा, पर्यावरणवाल्यांचा तिसरा. सुएझला काही दिवस अडकली, भारतात सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी तिला परत बोलावलं. आफ्रिकेला वळसा घालून ती फ्रान्सला परत आली आणि शेवटी इंग्लंडात हार्टलपूलला तुटली. बरं, एकदा ठेच लागली, शहाणं व्हावं की नाही? दुसरी बहीण फॉश, ती २००० साली ब्राझीलनं घेतली आणि साओ पाउलो असं नाव ठेवलं. २०२२ मध्ये ती टगच्या मागं तुर्कस्तानला तोडायला निघाली आणि परत तेच भांडण, यादीत ॲस्बेस्टॉस इतकं कमी कसं, हिच्या बहिणीत तर ढिगानं निघालं होतं. जिब्राल्टरजवळ पोचेपर्यंत तुर्कस्ताननं परवानगी काढून घेतली. परत फिरली तर आता तिच्या स्वतःच्या देशातलं बंदरही तिला आत घेईना. महिनोन् महिने समुद्रात फरफट झाली आणि ३ फेब्रुवारी २०२३ ला ब्राझीलच्या नौदलानं किनाऱ्यापासून साधारण ३५० किलोमीटरवर तिला बुडवून टाकलं, लोखंड, केबल, ॲस्बेस्टॉस, रंग, सगळ्यासकट. हजारो टन चांगलं लोखंड समुद्राच्या तळाला. तेलही गेलं, तूपही गेलं.

या दोन्ही युद्धनौका होत्या आणि युद्धनौकांना हाँगकाँग करार लागूच होत नाही, हे मला माहितीय, कुणीतरी पत्र लिहून सांगायच्या आत सांगून टाकतो. पण गोष्ट यादीचीच आहे. दोन्ही वेळेला यादीवरचं भांडण मिटायच्या आतच जहाज निघालं.

आता दुसऱ्या कागदाकडं, यार्डाच्या प्लॅनकडं. यार्डाचा एक सर्वसाधारण प्लॅन असतो, त्यावर सरकारची मंजुरी असते, त्यात माणसं किती, ट्रेनिंग काय, आग लागली तर काय, कचरा कुठं वगैरे. त्याशिवाय प्रत्येक जहाजाचा वेगळा प्लॅन बनवायचा, तो जहाज तोडायला घ्यायच्या आधी. त्यात दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या, एक म्हणजे कुठल्या जागेत माणूस शिरायला सुरक्षित आहे आणि दुसरी म्हणजे कुठल्या जागेत गॅस कटर पेटवायला सुरक्षित आहे, आणि ते कसं ठरवणार, कसं टिकवणार. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अजून किती जणांना कळत नाही! एखाद्या टँकमध्ये श्वास घेता येतो म्हणजे तिथं ज्योत पेटवता येईल असं नाही.

इथं जरा थांबतो कारण माणसं इथंच जातात. रिकामा टँक म्हणजे रिकामा नसतो. बंद टँकमध्ये गंज चढतो आणि गंज चढायला ऑक्सिजन लागतो, तो टँकमधल्या हवेतनंच जातो. बाहेर हवेत २१ टक्के ऑक्सिजन, आत मॅनहोलच्या खाली तो कितीही कमी झालेला असू शकतो आणि वास काही येत नाही, रंग काही दिसत नाही, माणूस शिडीवरनं चार पायऱ्या उतरतो आणि गपकन खाली बसतो. वरचा बघतो, ओरडतो आणि वाचवायला उतरतो. मग दोन. मग तिसरा. हा क्रम प्रत्येक दर्यावर्दीला पाठ आहे, ट्रेनिंगमध्ये शिकवतात आणि तरी होतो.

तेलाच्या टँकची तर तऱ्हाच वेगळी. धुतला, ब्लोअर लावला, मीटर घातलं, गॅस शून्य, सर्टिफिकेट झालं. पण भिंतीवरच्या गंजाच्या पापुद्र्यांत, तळाच्या गाळात, पाइपच्या आत, हीटिंग कॉइलच्या खाली तेल मुरलेलं असतं. ते थंड असेपर्यंत गप्प बसतं. त्याच्यावर कटरची ज्योत धरली की तापतं आणि परत वाफ सोडायला लागतं. म्हणजे सकाळी सातला जे सर्टिफिकेट खरं होतं ते दुपारी तीनला खोटं झालेलं असतं. म्हणूनच एकदा मोजून भागत नाही, काम चालू असताना मोजत राहावं लागतं, आणि ऊन वाढलं, ब्लोअर बंद पडला, शेजारच्या टँकला भोक पडलं की परत मोजावं लागतं. १ नोव्हेंबर २०१६ ला पाकिस्तानात गडाणीला एका जुन्या टँकरवर स्फोट झाला, आत तेल शिल्लक होतं आणि कटिंग सुरू झालं होतं, २५ हून जास्त माणसं गेली, आग काही दिवस आटोक्यात येत नव्हती. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी २०१७ मध्ये, त्याच किनाऱ्यावर एलपीजी वाहणारं एक जहाज पेटलं आणि परत माणसं गेली. करारात आता टँकरसाठी स्पष्ट कलम आहे की कार्गो टँक आणि पंपरूम शिरायला किंवा कटिंगला सुरक्षित म्हणून सर्टिफाय करता येतील अशा अवस्थेतच जहाज यार्डात आणायचं, आणि तशी अवस्था करायची जबाबदारी मालकाची. मला विचाराल तर अख्ख्या करारातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच, कारण टँक धुवायचे पंप, हीटर, माणसं हे सगळं जहाजावर असतं, किनाऱ्यावर चिखलात नसतं.

बीचिंगबद्दल लेखात बरंच आलंय त्यामुळं थोडक्यात. मोठ्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनवर फुल स्पीडनं किनाऱ्यावर चढवायचं आणि मग पुढनं कापत कापत, हलकं होईल तसं विंचनं वर ओढत राहायचं. अलंगला हे जमतं कारण खंभातच्या आखातात भरती-ओहोटीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो आणि किनारा सपाट आहे. या पद्धतीला वाईट म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, सांडलेलं तेल गोळा करायच्या आत पुढची भरती ते घेऊन जाते, कापलेला भाग चिखलात पडतो, रंगाचे पोपडे गाळात जातात, आणि आत माणूस अडकला तर क्रेन आणि ॲम्ब्युलन्स जहाजाला भिडू शकत नाहीत. युरोपच्या मंजूर यार्डांच्या यादीत आजवर बीचिंगवालं एकही यार्ड आलेलं नाही. हाँगकाँग करारात बीचिंगला बंदी नाही. माझं मत मधलं आहे, ते कुणालाच आवडणार नाही. पहिला कापलेला ब्लॉक चिखलात न पडता क्रेननं उचलून काँक्रीटच्या पक्क्या, गळती गोळा करणाऱ्या फरशीवर जात असेल आणि पाण्यात असताना जहाजातलं सगळं पातळ आणि सगळं सुटं आधीच काढलेलं असेल तर बीचिंगवर निम्मे आक्षेप राहत नाहीत. आणि हे होत नसेल तर ड्रायडॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून कोरड्या केलेल्या गोदीत, नेऊन तोडलं तरी गॅसचा स्फोट होतोच, ड्रायडॉक बघून गॅस काही घाबरत नाही. ते सगळं आधी काढायचं तर कुठं काय आहे ते माहीत पाहिजे. फिरून यादीवरच आलो.

एक जाता जाता. प्लॅन कुठल्या भाषेत असावा याचा नियम आहे, ज्या देशात यार्ड आहे त्या देशाला चालेल त्या भाषेत, आणि ती इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश नसेल तर त्यातल्या एका भाषेत भाषांतर. म्हणजे मंजुरी देणाऱ्याला कळायला हवं. ज्याच्या हातात कटर आहे तो माणूस बहुतेक वेळा कुठनं तरी हजार-दोन हजार किलोमीटरवरनं आलेला असतो, त्याच्या भाषेत प्लॅन असावा असं कुठं म्हटलेलं नाही. त्याला मुकादम सांगतो तेवढाच त्याचा प्लॅन.

आता पैशाकडं या, कारण यादी खोटी का होते त्याचं उत्तर तिथं आहे. जहाज तोडायला विकतात ते एलडीटीवर, म्हणजे माल, तेल, पाणी काही नसताना जहाजाचं नुसतं स्वतःचं वजन, टनामागं इतके डॉलर. मालक बहुतेक वेळा यार्डाला थेट विकतच नाही, मधे कॅश बायर असतो, तो जहाज आहे तसं, आहे तिथं विकत घेतो. मालकाच्या दृष्टीनं त्या दिवशी विषय संपला. मग जहाजाचं नाव बदलतं, बऱ्याचदा नावातली दोन-चार अक्षरं नुसती रंगानं पुसतात, बाकीची तशीच ठेवतात, जे उरेल तेच नवीन नाव! झेंडा बदलतो, कोमोरोस, पलाऊ, सेंट किट्स असले झेंडे शेवटच्या फेरीला फार दिसतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणसं बदलतात. जुना क्रू उतरतो, शेवटच्या फेरीपुरता नवीन क्रू चढतो, त्यांनी ते जहाज आयुष्यात पहिल्यांदा बघितलेलं असतं. कुठल्या टँकचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कुठल्या पाइपमध्ये तेल साचून राहतं, कुठल्या केबिनच्या भिंतीमागं जुनं पॅनेल तसंच ठेवून वरनं नवं मारलंय, हे सगळं ज्यांच्या डोक्यात होतं ते विमान पकडून घरी गेलेले असतात. उरते फक्त यादी, आणि यादीत काय असतं ते वर सांगितलंच आहे.

कराराप्रमाणं शेवटचा सर्व्हे असतो, त्यात यादी आणि प्लॅन एकमेकांशी जुळतात का, यार्डाकडं परवाना आहे का हे बघतात, आणि मग तोडायला तयार असल्याचं सर्टिफिकेट मिळतं, त्याची मुदत जास्तीत जास्त तीन महिने. तोडून झाल्यावर १४ दिवसांत यार्डानं काम संपल्याचा रिपोर्ट द्यायचा, त्यात अपघात झाले असतील तर तेही लिहायचे. हे सगळं चांगलंय. पण सर्व्हेअर बिचारा एक-दोन दिवस जहाजावर असतो. अडीचशे मीटर लांब आणि दहा मजले उंच लोखंडाचं गाव ते, तो कुठं कुठं हात घालणार. तो कागदाला कागद जुळवून बघणार.

कचऱ्याचंही तसंच. यार्डाच्या गेटच्या आत करार बऱ्यापैकी कडक आहे, गेटबाहेर ट्रक गेला की तेवढा नाही. गोण्यांत भरलेलं ॲस्बेस्टॉस नेमकं कुठल्या खड्ड्यात गेलं, स्लज कुठं जाळलं, पीसीबीवाल्या केबल तांब्यासाठी उघड्यावर कुणी जाळल्या का, यासाठी प्रत्येक देशाचे स्वतःचे कायदे आणि घातक कचरा एका देशातनं दुसऱ्यात नेण्यावरचा १९८९ चा बासेल करार. बासेलची आणि याची सांगड अजून नीट बसलेली नाही, एका कराराप्रमाणं जे जहाज कागदोपत्री तयार आहे तेच दुसऱ्याप्रमाणं देशाबाहेर न्यायला बंदी असलेला घातक कचरा ठरू शकतं. वकिलांची चंगळ. मला त्यातलं जास्त कळत नाही म्हणून सोडतो.

काही वाचकांना वाटेल की एवढी भानगड आहे तर जहाजं तोडूच नयेत. नाही हो. जहाजाच्या वजनाचा बहुतेक सगळा भाग पोलाद असतो, ते परत वितळतं, प्लेटा रोल होऊन सळया होतात, आणि खाणीतल्या खनिजापासून नवीन पोलाद करण्यापेक्षा भंगार वितळवायला कितीतरी कमी ऊर्जा आणि कोळसा लागतो. इंजिन, जनरेटर, पंप, क्रेन, साखळ्या, नांगर, फर्निचर, स्वयंपाकघरातली भांडी सुद्धा परत वापरात जातात. माझ्या मते इतक्या पूर्णपणे परत वापरली जाणारी दुसरी एवढी मोठी वस्तू शोधून सापडणार नाही. जगातलं सगळ्यात लांब जहाज, ४५८ मीटरचं, ते सुद्धा अलंगला येऊन सळया-पत्र्यांत विरघळून गेलं. आणि २००० नंतरच्या तेजीत जी बेसुमार जहाजं बांधली गेली ती आता म्हातारी व्हायला लागलीयत, येत्या दहा वर्षांत यार्डांत गर्दी होणार हे कुणीही सांगेल. बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा आत्ताच काय ते ठरवावं.

माझी सूचना एकच आहे, साधी आहे, आणि करारात नाही म्हणून इथं मांडतोय. जहाजाचा जुना चीफ इंजिनियर आणि जुना चीफ ऑफिसर, निदान एक वर्ष त्या जहाजावर काढलेले, यांना शेवटच्या फेरीला जहाजावर ठेवायचं, आणि किनाऱ्याला लागल्यावर निदान आठवडाभर यार्डात. पगार मालकानं द्यायचा, विक्रीच्या किमतीसमोर तो चिल्लर आहे. त्यांनी यार्डाच्या मुकादमाला आणि सेफ्टीवाल्याला घेऊन जहाज तळापासून वरपर्यंत चालून दाखवायचं, यादी हातात घेऊन, आणि यादीत नाही पण इथं आहे अशा प्रत्येक ठिकाणी रंगाचा स्प्रे मारायचा. लाल म्हणजे आत तेल, पिवळा म्हणजे ॲस्बेस्टॉस, जे काय ठरेल ते. रंगाला भाषा लागत नाही. आणि हे झाल्याशिवाय कटिंगची परवानगी द्यायची नाही.

कल्पना माझी नाही. मी दुसरं जहाज नेऊन दिलं तेव्हा चावी दिली, कागद दिले आणि निघालो होतो, शिडीपाशी त्यांच्या एका म्हाताऱ्या मुकादमानं मला थांबवलं. म्हणाला साहेब, कागद ऑफिसात जाईल, मला फक्त एवढं सांगा, तुम्ही स्वतः कुठं कटर लावला नसता? मला लाज वाटली, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. गाडी सोडली, बूट परत घातले आणि त्याच्याबरोबर खाली गेलो. तीन तास लागले. पोर्टच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या, एका डबल बॉटम टँकची (जहाजाच्या दुहेरी तळातला टँक) साउंडिंग पाइप, म्हणजे आत किती आहे ते मोजायची नळी, चेपलेली होती, माप शून्य दाखवायची पण आत फूटभर तरी तेल होतं, हे जहाजावर सगळ्यांना माहीत होतं आणि एकाही कागदावर नव्हतं. त्यानं खिशातनं खडू काढला आणि त्या मॅनहोलच्या झाकणावर मोठी फुली मारली, मग जरा विचार करून शेजारच्या टँकवर पण मारली.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनियर